पुण्याचा स्पेक्ट्रम पुन्हा घडवताना

१९८८ साली पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावाचा घरगुती संगणक बाजारात आणला. ब्रिटनच्या सिंक्लेअर रिसर्चने केलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम प्लसची ही परवाना घेऊन भारतात बनवलेली आवृत्ती होती. तिचे पन्नास हजारांहून अधिक नग खपल्याचं सांगितलं जातं.

कागदोपत्री हा संगणक असला तरी घरोघरी त्याचं काम गेम कन्सोलचंच होतं. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरची वायर लावायची, कॅसेट सुरू करायची आणि चार-पाच मिनिटं थांबायचं, की गेम तयार. रंगीत दूरदर्शन आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने आलं, टेपरेकॉर्डर तर त्याआधीच घराघरांत पोचला होता. म्हणजे लागणारं निम्मं सामान मध्यमवर्गीय घरात आधीपासून होतंच.

पुढे नव्वदच्या दशकात वेगळ्याच यंत्रांची लाट आली. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या स्वस्त नकला 'टीव्ही गेम' म्हणून वाशीमपासून मुंबईपर्यंत सगळीकडे विकल्या गेल्या. पिवळी किंवा काळी कॅसेट खोचायची आणि कॉन्ट्रा नाहीतर मारिओ खेळायचा. विदर्भातल्या आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या पिढीला 'जुना गेम' म्हटलं की हाच आठवतो. पुण्याचा स्पेक्ट्रम मात्र विस्मरणात गेला. ज्यांच्याकडे तो होता त्यांनी तो माळ्यावर टाकला किंवा भंगारात दिला. आज चालू स्थितीतला नग मिळणं कठीण आहे. म्हणूनच या प्रकरणात तो घरी पुन्हा कसा घडवायचा ते पाहू.

मग टीव्ही गेमचीच प्रतिकृती का नको, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर तो डबा उघडला की मिळतं. नंतरच्या स्वस्त टीव्ही गेममध्ये छोट्या पीसीबीच्या मध्यभागी डांबरासारखा काळा गोळा असतो. सगळी यंत्रणा एकाच चिपमध्ये कोंबून तिच्यावर इपॉक्सी ओतलेलं असतं. त्यावर ना नंबर, ना पिना. बिघडलं तर मेकॅनिकही हात लावत नाही. स्पेक्ट्रमचं तसं नाही. त्याचा सर्किट डायग्राम उपलब्ध आहे, प्रत्येक आयसीचा नंबर माहीत आहे आणि कोणती पिन काय करते हे शाळकरी मुलालाही समजावून सांगता येतं. जे उघडून पाहता येतं तेच पुन्हा घडवता येतं.

मूळ यंत्र, म्हणजे झेडएक्स स्पेक्ट्रम, २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झालं. क्लाइव्ह सिंक्लेअर यांची केंब्रिजमधली कंपनी, रिचर्ड आल्टवासर यांची सर्किटरचना, स्टीव्ह व्हिकर्स यांनी लिहिलेली बेसिक भाषा आणि रिक डिकिन्सन यांनी केलेलं बाह्यरूप. ४८ के मेमरीच्या नगाची किंमत १७५ पौंड होती. ती इतकी कमी ठेवता आली ती एका चिपमुळे. प्रोसेसर झिलॉगचा झेड८०, तो कुठेही मिळायचा. रॉम आणि रॅमसुद्धा बाजारातल्याच. पण टीव्हीचं चित्र तयार करणं, कीबोर्ड वाचणं, टेपचा आवाज आत घेणं, प्रोसेसरला क्लॉक देणं ही सगळी कामं फेरान्टी कंपनीकडून खास बनवून घेतलेल्या एका चाळीस पिनांच्या आयसीकडे होती. तिचं नाव यूएलए. ही चिप स्पेक्ट्रमशिवाय कुठेच वापरली गेली नाही आणि तिचं उत्पादन बंद होऊन काळ लोटला. जुना स्पेक्ट्रम यूएलए जळाल्यामुळे बंद पडला असेल, तर दुसऱ्या एखाद्या स्पेक्ट्रममधून ती काढावी लागते.

प्रतिकृती करणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. तिच्यावरचा तोडगा मात्र जगात दोन वेळा, दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत निघाला. पहिल्यांदा सोव्हिएत संघात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे यूएलए मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मग लेनिनग्राडच्या सर्गेई झोनोव यांच्यासारख्या अभियंत्यांनी तिचं काम साध्या, सर्वत्र मिळणाऱ्या लॉजिक आयसींवर वाटून दिलं. त्या नकाशांवरून हजारो लोकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःचे स्पेक्ट्रम जोडले. दुसऱ्यांदा ब्रिटनमध्ये. ख्रिस स्मिथ यांनी यूएलएच्या आतल्या सिलिकॉनचा बारकाईने अभ्यास केला आणि २०१० मध्ये तिच्यावर एक अख्खं पुस्तकच लिहिलं. त्यांच्या 'हार्लेक्विन' या रचनेत यूएलएची जागा ७४ मालिकेतल्या साध्या आयसी घेतात. आज हौशी लोक जे स्पेक्ट्रम बांधतात, त्यांतले पुष्कळसे हार्लेक्विनचेच वंशज आहेत.

सोपे मार्गही आहेत. रास्पबेरी पायवर एम्युलेटर चढवला की पाच मिनिटांत गेम चालू. एफपीजीए वापरला तर एकाच चिपमध्ये सगळं यंत्र उभं राहतं. नुसतं खेळायचं असेल तर यात काहीच वावगं नाही. पण यंत्र समजून घ्यायचं असेल तर सुट्या आयसींचाच रस्ता धरा, असं माझं ठाम मत आहे. त्यात प्रत्येक चूक मल्टीमीटरच्या टोकाशी सापडते आणि सापडली की कायमची लक्षात राहते.

सामानाची जुळवाजुळव वाशीमसारख्या गावात बसून करायची, म्हणून तिच्याबद्दल थोडं. ७८०५ रेग्युलेटर, कंडेन्सर, रेझिस्टन्स, सोल्डर, आयसीचे बेस एवढं टीव्ही किंवा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळून जातं. ७४ मालिकेच्या आयसींसाठी नागपूरची सीताबर्डी, पुण्यातली बुधवार पेठ किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागायचा, आता त्या कुरियरने येतात. मूळ यंत्रातल्या ४११६ रॅम घेऊ नका. त्यांना अधिक बारा, अधिक पाच आणि उणे पाच असे तीन व्होल्टेज लागतात आणि त्यांतला उणे पाच गेला तर रॅम जळू शकते. जुने स्पेक्ट्रम बहुधा याच कारणाने मरतात. त्यांच्याऐवजी ६२२५६ जातीची स्टॅटिक रॅम वापरा. एका आयसीत ३२ के, फक्त पाच व्होल्ट.

खरी काळजी घ्यायची ती झेड८० घेताना. फेदेरिको फाजिन यांचा हा प्रोसेसर १९७६ मध्ये आला आणि त्याची सुटी चिप पुढची जवळजवळ पन्नास वर्षं बनत राहिली. २०२४ मध्ये झिलॉगने ती बंद केली आणि शेवटच्या ऑर्डरी त्या वर्षीच्या जूनमध्ये घेतल्या. त्यामुळे बाजारात जुना नंबर घासून नवा छापलेला माल वाढणार. एक चाचणी सांगतो. झेड८० ला एक अलिखित सूचना आहे, हेक्स कोड ईडी ७१. जुन्या एनमॉस चिपमध्ये ती पोर्टवर ० पाठवते, नव्या सीमॉस चिपमध्ये २५५. सीमॉस म्हणून विकलेल्या चिपने शून्य दिलं, तर आतला माल वेगळा आहे असं खुशाल समजा.

पीसीबी घरी फेरिक क्लोराइडमध्ये बनवण्याचा हट्ट धरू नका. दोन्ही बाजूंना ट्रॅक आणि शेकडो बारीक भोकं असलेला हा बोर्ड आहे. नकाशाची फाइल पाठवली की कारखान्यातून तयार बोर्ड येतो.

जोडणीला सुरुवात सप्लायपासून करा आणि तेव्हा बेसमध्ये एकही आयसी नको. मूळ स्पेक्ट्रमचा ॲडाप्टर नऊ व्होल्टचा होता आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण होता. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ॲडाप्टरांत मधला भाग धन असतो. तसा ॲडाप्टर जुन्या नगाला लावला तर एका क्षणात नुकसान. आपल्या प्रतिकृतीत ही गोष्ट तशीच ठेवण्याचं काहीही कारण नाही. मधला भाग धन ठेवा, वर एक डायोड घाला. सीमॉस आयसी वापरल्या तर मोबाइलच्या चार्जरचे पाच व्होल्टही थेट चालतात आणि मग मे महिन्याच्या उन्हाळ्यात ७८०५ तापण्याची चिंता उरत नाही.

त्यानंतर फक्त प्रोसेसर बसवा. रॉम नाही, रॅम नाही. डेटाच्या आठही लाइन रेझिस्टन्समधून ग्राउंडला जोडा. आता झेड८० जिथे वाचेल तिथे त्याला शून्यच दिसेल आणि त्याच्या भाषेत शून्य म्हणजे 'काही करू नकोस, पुढे जा'. तो पत्ता एकेकाने वाढवत ६५,५३६ जागा फिरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. प्रत्येक पायरीला क्लॉकचे चार ठोके लागतात. सीमॉस झेड८० हवा तितका हळू चालतो, म्हणून ५५५ टायमरने त्याला फक्त १० किलोहर्ट्झचा क्लॉक द्या आणि सगळ्यात वरच्या पत्त्याच्या ए१५ या लाइनवर रेझिस्टन्ससह एलईडी लावा. तो तेरा सेकंद विझलेला आणि तेरा सेकंद पेटलेला राहील. पेटतानाही थोडा फिकाच दिसेल, कारण प्रत्येक पायरीच्या निम्म्या वेळात झेड८० त्या लाइनींवर रॅम ताजी ठेवण्याचा पत्ता देत असतो. एलईडीने हा ताल धरला म्हणजे प्रोसेसर जिवंत आहे आणि ए१५ ची लाइन सुटलेली नाही.

पुढचा भाग चित्राचा, आणि माझ्या मते संपूर्ण यंत्रातला सर्वांत देखणा भाग तोच आहे. १४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला दोनने भागलं की ७ मेगाहर्ट्झ मिळतात, म्हणजे एका ठिपक्याला एक ठोका. ४४८ ठोके झाले की टीव्हीची एक ओळ पूर्ण होते. ४४८ भागिले ७ म्हणजे बरोबर ६४ मायक्रोसेकंद. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीला एका ओळीसाठी नेमका एवढाच वेळ हवा असतो. अशा ३१२ ओळी झाल्या की एक चित्र, सेकंदाला सुमारे पन्नास चित्रं. मग या सगळ्याला लागतं काय? दोन मोजयंत्रं. एक ठिपके मोजणारं, एक ओळी मोजणारं.

७४एचसी१६१ ही आयसी चार बिटांपर्यंत मोजते. अशा तीन सलग जोडल्या की ठिपक्यांचा हिशेब होतो. आता ४४८ हा आकडा द्विमान पद्धतीत लिहून पाहा: १११००००००. वरचे तीन बिट एक, बाकी सगळे शून्य. शून्यापासून मोजत आलं तर हे तीन बिट पहिल्यांदा एकदम 'एक' होतात ते ४४८ लाच. म्हणजे तीन इनपुटचा एकच अँड गेट त्या तीन बिटांना जोडायचा आणि त्याच्या आउटपुटने, उलटं करून, मोजयंत्र शून्यावर आणायचं. ओळींसाठी ३१२ म्हणजे १००१११०००, तिथे चार बिट पुरतात. एका यंत्राच्या संपूर्ण कालगणनेचा पाया अशा दोन गेटांवर उभा राहतो. ऑसिलोस्कोप नसला तरी हे वहीत मांडून तपासता येतं.

ब्रिटनची पाल पद्धत आणि आपली पाल पद्धत यांत ओळींची संख्या सारखीच, ६२५. फरक आहे तो प्रक्षेपणात आवाज कुठे बसवायचा याचा. तिथे चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर, इथे ५.५ वर. स्पेक्ट्रमचा आवाज टीव्हीतून येतच नाही, त्याच्या पोटातल्या छोट्या स्पीकरमधून येतो. त्यामुळे या रचनेला भारतीय टीव्हीशी जुळवताना चित्राचा गाभा बदलावा लागत नाही. आपल्या प्रतिकृतीत तर थेट व्हिडिओ केबल वापरायची, म्हणजे चॅनल लावण्याचीही कटकट नाही.

पडद्यावर २५६ आडवे आणि १९२ उभे ठिपके. ठिपक्यांना ६,१४४ बाइट आणि रंगांना ७६८, मिळून ६,९१२. रंग आठ-बाय-आठच्या चौकोनालाच देता येतो आणि एका चौकोनात दोनच रंग. म्हणून स्पेक्ट्रमच्या गेममध्ये नायक झाडाजवळून गेला की झाडाचा रंग त्याला लागतो. मेमरीतल्या ओळींचा क्रमही विचित्र आहे. पडद्यावरची पहिली ओळ झाली की मेमरीत दुसरी नाही, नववी येते, मग सतरावी. टेपवरून चित्र उतरताना ते झडपांच्या पट्ट्यांसारखं भरत जातं ते याचमुळे. यामागे कारण आहे. ठिपक्यांचा बाइट आणि त्याच्या रंगाचा बाइट यांच्या पत्त्यांचा खालचा भाग सारखा राहावा आणि जुन्या डायनॅमिक रॅममधून ते दोन्ही एका झटक्यात वाचता यावेत, अशी ती मांडणी आहे. आपल्या ६२२५६ ला याची गरज नाही. तरीही मांडणी तशीच ठेवावी लागते, कारण प्रत्येक गेम तीच गृहीत धरून लिहिलेला आहे. हीच गोष्ट प्रोसेसर थांबवण्याची. पडद्याची मेमरी यूएलए वाचत असताना प्रोसेसरही तिथे आला तर यूएलए त्याचा क्लॉक रोखून धरते. वेगवान रॅममध्ये हे टाळता येतं, पण टाळलं तर काही गेमचा वेग आणि सूर बदलतो. मी ते टाळू नये असं सांगेन. प्रतिकृती म्हणायची तर मुळातला अडथळाही प्रामाणिकपणे उतरला पाहिजे.

कीबोर्डचं काम हलकं आहे. चाळीस बटणं आठ ओळी आणि पाच स्तंभांत, एकूण तेरा वायरी आणि आठ डायोड. मूळ यंत्रातली प्लास्टिकची पातळ पट्टी कालांतराने कडक होऊन तुटते, म्हणून साधी टॅक्ट बटणं लावा. स्पेक्ट्रम प्लसवर अठ्ठावन्न बटणं दिसतात, पण वरची अठरा ही आतल्या चाळिसांच्याच जोड्या आहेत.

रॉममधला प्रोग्राम मात्र कोणाच्या तरी मालकीचा आहे. १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय ५० लाख पौंडांना घेतला. पुढे तिने एम्युलेटरबरोबर रॉम वाटायला मोकळीक दिली, मात्र त्यातली मालकीची ओळ पुसायची नाही या अटीवर. घरी एक नग करून वापरणं आणि रॉम भरून नग विकणं यांत फरक आहे, तो पाळा. विकायचंच असेल तर ओपनएसई बेसिक नावाची खुल्या परवान्याची रॉम आहे.

यंत्र सुरू झालं आणि पांढऱ्या पडद्याच्या तळाशी सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ओळ आली, की गेम चढवण्याआधी एक काम करून पाहा. स्पेक्ट्रममध्ये ए पासून यू पर्यंत एकवीस चिन्हं आपल्याला हवी तशी घडवता येतात, प्रत्येक आठ-बाय-आठ ठिपक्यांची, म्हणजे आठ आकड्यांची. 'वाशीम' लिहायला पाच चिन्हं पुरतात: व, काना, श, दीर्घ वेलांटी आणि म. शिरोरेघ सगळ्यात वर घ्यावी असं वाटेल, पण मग वेलांटीचा कमानदार भाग जाणार कुठे? म्हणून वरच्या दोन ओळी मोकळ्या ठेवून शिरोरेघ तिसऱ्या ओळीत घ्यायची. 'व' साठी आकडे असे: ०, ०, २५५, ५८, ७०, ७०, ५८, २. यातला २५५ म्हणजे आठही ठिपके भरलेली शिरोरेघ, ५८ आणि ७० म्हणजे वचा पोटाकडचा गोल, आणि शेवटचा २ म्हणजे खाली उरलेला दांडा. बाकीची चार अक्षरं चौकटीच्या वहीवर काढून बघा. उकार असलेल्या गावाच्या नावाला खाली जागा उरत नाही, तिथे दोन मजली चिन्ह करावं लागतं. ही खटपट मुलांबरोबर करण्यासारखी आहे.

गेम टेपवरूनच चढवा. टेपवर शून्य आणि एक हे दोन सुरांत साठवलेले असतात. शून्याचा सूर सुमारे २,०४७ हर्ट्झ, एकाचा त्याच्या निम्मा. सुरुवातीला लांब एकसुरी शिट्टी येते, तेव्हा पडद्याच्या कडेला लाल आणि आकाशी पट्टे सरकतात; माहिती सुरू झाली की ते निळे-पिवळे होतात. ४८ के भरायला चार-साडेचार मिनिटं लागतात. मोबाइलच्या हेडफोनच्या जागेतूनही हा आवाज देता येतो, फक्त आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि मोनो वायर वापरा.

मूळ पुण्याच्या नगांबद्दल एक विनंती. तुमच्या किंवा नातेवाइकांच्या माळ्यावर डीबी स्पेक्ट्रम प्लस पडला असेल तर तो ॲडाप्टर लावून लगेच सुरू करून बघू नका. आधी जाणकाराकडून सप्लाय तपासून घ्या. सोबतची पुस्तिका, बिल, खोका यांचे फोटो काढून ठेवा. आणि कॅसेटा असतील तर त्या सगळ्यात आधी ४४.१ किलोहर्ट्झच्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये उतरवून घ्या, हाताने नाव लिहिलेल्या तर नक्कीच. विकत मिळणारे गेम जगात कुठे ना कुठे जपलेले आहेत. अकोल्याच्या किंवा वाशीमच्या एखाद्या मुलाने १९८९ मध्ये स्वतः लिहून टेपवर ठेवलेला प्रोग्राम फक्त त्या एका कॅसेटवर आहे.